जुन्या अमेरिकेतलं घरचं शेत नेमकं चालायचं कसं?

अमेरिकेतल्या सुरुवातीच्या शेतकऱ्याचं एक चित्र ठरलेलं असतं. जंगलात एकटं लाकडी घर, नवरा-बायको, पाच-सहा पोरं, स्वतःच पिकवायचं, स्वतःच विणायचं, स्वतःच खायचं, कुणाचं देणं नाही घेणं नाही. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला थॉमस जेफरसन तर म्हणायचा की शेती करणारे हेच देशाचे सगळ्यात मोलाचे नागरिक, कारण ते स्वतंत्र असतात (त्याच्या स्वतःच्या जमिनीवर आयुष्यभरात सहाशेच्या वर गुलाम राबले, हे त्याच्याबरोबरच लक्षात ठेवायचं). मला हे चित्र अर्धवट वाटतं, आणि जे गाळलेलं असतं तेच खरं महत्त्वाचं आहे असं माझं स्पष्ट मत आहे. ते शेत एकट्याच्या जोरावर कधीच चाललं नाही. ते चाललं बायकामुलांच्या हातांवर आणि शेजाऱ्यांच्या उधारीवर. हे कसं, तेच इथे सोप्या भाषेत सांगायचा प्रयत्न करतो.

अमेरिका केवढी मोठी, सगळीकडचं एकदम बोलायला गेलं तर काहीच नीट कळणार नाही, म्हणून मी एकच भाग घेतो. न्यू इंग्लंड, म्हणजे मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट, ऱ्होड आयलंड, न्यू हॅम्पशायर, व्हरमाँट, मेन हा ईशान्येचा थंड पट्टा, आणि काळ साधारण १७८० ते १८२५. अमेरिकेची पहिली जनगणना १७९० ला झाली, तेव्हा अख्ख्या देशाची लोकसंख्या होती जेमतेम ३९ लाख, आणि त्यातले शंभरातले पंचाण्णव लोक खेड्यात किंवा शेतावर राहणारे. म्हणजे शेती हा तेव्हा एक धंदा नव्हता, जवळजवळ सगळ्यांचं जगणंच ते होतं.

आपल्याला हे इतक्या बारकाईने माहीत आहे त्याचं एक मोठं कारण म्हणजे मार्था बॅलार्ड नावाची बाई. मेनमध्ये केनेबेक नदीच्या काठी हॅलोवेल गावात राहायची (मेन तेव्हा मॅसॅच्युसेट्सचाच भाग होता, वेगळं राज्य झालं १८२० ला). ती सुईण होती. १७८५ पासून १८१२ मध्ये जाईपर्यंत तिने रोज डायरी लिहिली, जवळजवळ दहा हजार नोंदी, आणि त्यात ८१६ बाळंतपणं. पण डायरीत नुसती बाळंतपणं नाहीत, आज हवा कशी, कोण सूत कातायला आलं, बागेत काय पेरलं, कुणाचं येणं किती, नवरा कुठे गेलाय, सगळं एक-दोन ओळीत. पुष्कळ वर्षं लोकांना ही डायरी कंटाळवाणी वाटायची, रोज तेच तेच म्हणून. पण शेतावरचं काम असतंच रोज तेच तेच, आणि म्हणूनच ती डायरी खरी वाटते.

आता जमीन. साधारण कुटुंबाकडे शंभर एकराच्या आसपास जमीन असायची, ऐकायला भरपूर वाटते, पण त्यातली नांगराखाली असायची फक्त पाच-दहा एकर. बाकीचं काय? काही चराऊ कुरण, काही गवताचं रान, थोडी सफरचंदाची बाग, आणि उरलेलं सगळं जंगल. इतकी कमी का पिकवायचे, आळशी होते का? अजिबात नाही. गणित गवताचं होतं. न्यू इंग्लंडचा हिवाळा म्हणजे पाच-साडेपाच महिने जमीन गोठलेली, गुरांना बाहेर खायला काडी नाही. एका गाईला हिवाळा काढायला साधारण दोन टन वाळलं गवत लागायचं आणि एका एकरात एखादा टन निघायचा, तोही बऱ्या रानात. म्हणजे एका गाईमागे दोन एकर गवत, त्यात बैलजोडी धरा, चार-पाच मेंढ्या धरा, वासरं धरा, की झालं. आणि हे सगळं कापायचं हाताने, जुलैमध्ये, पाऊस नसलेल्या मोजक्या दिवसांत. गवत जेवढं, तेवढीच गुरं, गुरं जेवढी तेवढंच शेणखत, आणि शेणखत जेवढं तेवढंच धान्याचं रान. ही साखळी कळली की त्या शेतातलं बाकी सगळं आपोआप कळतं.

जंगल मोडायची पद्धत पण बघण्यासारखी होती. मोठ्या झाडाची साल बुंध्याभोवती गोल सोलून काढायची, म्हणजे झाड उभ्याउभ्या वाळतं, पानं गळतात, खाली ऊन पडतं आणि मधल्या जागेत कुदळीने मका लावता येतो. नाहीतर झाडं पाडून एकावर एक रचून जाळायची. एवढं लाकूड जाळून टाकणं आज ऐकायला वाईट वाटतं, पण त्या राखेतच पैसा होता. राखेतून पाणी गाळायचं, ते लोखंडी काहिलीत आटवायचं, तळाला जो क्षार उरतो तो पोटॅश. काच, साबण, कापड या सगळ्या धंद्यांना तो लागायचा आणि इंग्लंडला जहाजाने जायचा. नव्या शेतकऱ्याच्या हातात रोख पैसा देणारं पहिलं पीक म्हणाल तर ही राख. अमेरिकेचं पहिलंवहिलं पेटंट, ३१ जुलै १७९० चं, सॅम्युअल हॉपकिन्सला मिळालं ते पोटॅश बनवायच्या सुधारलेल्या पद्धतीसाठीच, आणि त्यावर सही जॉर्ज वॉशिंग्टनची आहे.

वर्षाची सुरुवात व्हायची मार्चमध्ये, मेपल झाडांपासून. रात्री पाणी गोठेल इतकी थंडी आणि दिवसा ऊन, असे दिवस आले की शुगर मेपलच्या खोडात रस चढतो. खोडाला भोक पाडायचं, लाकडी नळी ठोकायची, खाली बादली. रस नुसता पाण्यासारखा असतो, चाळीस लिटर रस आटवावा तेव्हा कुठे एक लिटर पाक होतो, आणि त्या काळात पाकावर न थांबता पुढे आटवून साखरेच्या वड्याच करायचे कारण पाक टिकत नाही. रानातच आग, रात्रंदिवस कुणीतरी जागं, सगळी पोरं तिथेच.

मग बर्फ वितळला की दगड. न्यू इंग्लंडच्या मातीत दगड इतके की विचारू नका, आणि दर हिवाळ्यात जमीन गोठते-फुगते तसे खालचे दगड वर येतात. मागच्या वर्षी वेचून साफ केलेलं रान या वर्षी पुन्हा दगडांनी भरलेलं. बैलांच्या घसरगाडीवर घालून ते बांधावर टाकायचे, त्याचेच गडगे झाले. आजही त्या भागात दाट जंगलात मध्येच दगडी गडगे दिसतात, म्हणजे तिथे कधीतरी शेत होतं.

नांगराला बैल. घोडे होते, पण दगडधोंड्यांच्या रानात बैल शांतपणे ओढतो, गवतावर भागतो, आणि म्हातारा झाला की त्याचं मांस खायला मिळतं, हा हिशेब ते उघडपणे करायचे. नांगर लाकडाचा, फाळाला तेवढं लोखंड. १७९७ मध्ये चार्ल्स न्यूबोल्डने ओतीव लोखंडाच्या नांगराचं पेटंट घेतलं तर म्हणे शेतकरी तो घ्यायला तयार नव्हते, लोखंडाने माती विषारी होते अशी समजूत. नंतर १८१९ मध्ये जेथ्रो वूडने सुट्टे भाग बदलता येतील असा ओतीव नांगर आणला, तो मात्र चालला. एक फाळ मोडला तर पूर्ण नांगर फुकट जात नाही, ही गोष्ट शेतकऱ्याला लगेच पटते.

पिकांमध्ये मका सगळ्यात वर. मका हे मुळात तिथल्या मूळ लोकांचं पीक, हजारो वर्षांचं, आणि लावायची पद्धतही त्यांचीच. मातीचे छोटे उंचवटे करायचे, प्रत्येकात चार-पाच दाणे, मका वर आला की त्याच उंचवट्यात घेवडा लावायचा जो मक्याच्या ताटावर चढतो, आणि मधल्या जागेत भोपळा पसरतो, त्याच्या पानांनी तण दबतं आणि ओल टिकते. १६२१ ला मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथला नव्याने येऊन राहिलेल्या उपाशी इंग्रजांना हे शिकवलं टिस्क्वांटम नावाच्या मूळ रहिवाशाने. (मका, लाल भोपळा, बटाटा, मिरची, टोमॅटो हे सगळं अमेरिका खंडांतूनच पुढे पोर्तुगीजांसारख्यांच्या जहाजांतून जगभर आणि आपल्याकडे आलं, त्यामुळे ही पिकं काही आपल्याला परकी नाहीत.) मक्याची गंमत अशी की त्याला नांगरलेलं सपाट रान लागत नाही, खुंट असलेल्या अर्धवट मोडलेल्या जंगलातही येतो, घाई करत नाही, कणीस ताटावर वाळत राहिलं तरी चालतं. एकटा माणूस आणि एक कुदळ एवढ्यावर कुटुंबाचं धान्य निघतं.

गव्हाचं मात्र जमलं नाही. १६६० च्या दशकापासून तिथल्या गव्हावर तांबेरा पडायला लागला. तेव्हा बुरशी वगैरे कुणाला माहीत नव्हतं, पण शेतकऱ्यांनी डोळ्यांनी पाहिलं की जिथे बार्बेरीचं झुडूप जवळ असतं (आपल्या दारुहळदीच्या जातकुळीतलं काटेरी झुडूप) तिथे तांबेरा जास्त. त्यांनी सरकारकडे तगादा लावला आणि कनेक्टिकटने १७२६ मध्ये, मॅसॅच्युसेट्सने १७५० च्या दशकात बार्बेरी उपटून टाकायचे कायदे केले. शास्त्रज्ञ लोक तेव्हा याला अडाणीपणा म्हणत होते. १८६५ मध्ये जर्मनीत अँटोन डी बारीने सिद्ध केलं की तांबेऱ्याची बुरशी खरंच अर्धं आयुष्य बार्बेरीवर काढते. शेतकरी सव्वाशे-दीडशे वर्षं आधी बरोबर होते! मला या सगळ्या विषयातली ही सर्वात आवडती गोष्ट आहे. तर गहू नाही म्हणून रोजची भाकर राय (गव्हाच्या जातकुळीतलं एक धान्य) आणि मक्याच्या पिठाची, काळपट, जड, ओलसर.

जुलै म्हणजे गवत. हत्यार म्हणजे लांब वाकड्या दांड्याचं, हातभर लांब पात्याचं स्काइथ, उभ्याने कमरेतून वळून फिरवायचं, विळ्यासारखं वाकून नाही. पहाटे दव असताना सुरुवात, कारण ओलं गवत धारेखाली नीट येतं आणि वाळलेलं लवतं. चांगला माणूस दिवसात साधारण एक एकर कापायचा. दर थोड्या वेळाने थांबून दगडाने धार. मग पोरं आणि बायका मागून गवत पसरणार, उलटणार, संध्याकाळी ढीग करणार, दुसऱ्या दिवशी पुन्हा पसरणार, आणि आभाळ आलं की सगळं टाकून गाडी भरायला धावणार. ओलं गवत गंजीत गेलं तर कुजतं, आणि कधी आतल्या आत तापून पेटही घेतं, की मग गवतासकट बार्न (गवत आणि गुरांचा मोठा लाकडी गोठा) जातं.

आता मला थोडं थांबून जवसाबद्दल सांगायचंय, कारण इथे बाईच्या कामाचा अंदाज येतो. जवस आपल्याकडे विदर्भात वगैरे तेलासाठी आणि चटणीसाठी, पण त्याच झाडाच्या देठात जो धागा असतो त्याचं कापड म्हणजे लिनन. तिथे घरच्या सदऱ्यांपासून चादरींपर्यंत सगळं याचंच. वसंतात दाट पेरायचं म्हणजे फांद्या न फुटता सरळ उंच वाढतं. देठ पिवळे पडले की कापायचं नाही, मुळासकट उपटायचं, कापलं तर धागा आखूड होतो. वाळवायचं, मोठ्या दातांच्या फणीतून ओढून बोंडं काढायची. मग देठ डबक्यात बुडवायचे किंवा गवतावर दवात पसरून ठेवायचे, कित्येक दिवस, म्हणजे धाग्याला चिकटलेला भाग कुजतो. याला घाण वास सुटतो. एखाददोन दिवस जास्त झाले तर धागाच कुजतो, कमी झाले तर सुटत नाही, आणि हे कळायचं फक्त बोटांनी देठ मोडून बघून. मग पुन्हा वाळवायचं, लाकडी जबड्यासारख्या अवजारात घालून देठ मोडायचे (हे जड काम, बहुतेक पुरुष करायचे), मग फळीवर धरून लाकडी सुरीने झोडपून भुसा पाडायचा, मग लोखंडी सुळ्यांच्या फण्यांतून, आधी जाड मग बारीक, ओढत राहायचं. एवढं करून हातात राहते ती फिकट सोनेरी केसांसारखी एक लड. आखूड गुंता बाजूला पडतो, तो पोत्यांना आणि दोऱ्यांना. मग पायाने चालवायच्या चरख्यावर, बोटं सारखी ओली करत कातायचं, मग लड्या राखेच्या पाण्यात उकळायच्या, मागावर चढवायच्या, विणायच्या, आणि कापड कुरणावर पसरून पाणी मारत उन्हात पांढरं करायचं. बी पेरल्यापासून सदरा अंगात चढेपर्यंत वर्ष उलटून जायचं. लोकर वेगळी, तिचा चरखा मोठा, उभ्याने फिरवायचा आणि धागा लांबवत मागे मागे चालायचं, दिवसभर पुढे-मागे पुढे-मागे.

आणि हे सगळं बाकीची कामं सांभाळून बरं का. चूल म्हणजे भिंतीतली मोठी फायरप्लेस, रात्री निखाऱ्यांवर राख ओढून झाकायचे म्हणजे सकाळी फुंकून पेटवता येतात. विझली तर गारगोटी-पोलाद घासा, नाहीतर शेजाऱ्याकडून निखारे आणा, काडेपेट्या १८२० च्या दशकाच्या शेवटी आल्या. पाव आठवड्यातून एकदा, विटांच्या भट्टीत दोन-तीन तास लाकूड जाळून, निखारे ओढून बाहेर काढून, आणि तापमान बघायला थर्मामीटर नाही तर उघडा हात भट्टीत धरून आकडे मोजायचे, किती आकड्याला हात काढावा लागतो त्यावर ठरवायचं. दुधावरची साय काढून ती घुसळायची, लोणी पाण्याने धुवून ताक पूर्ण काढायचं, मीठ मळायचं आणि लाकडी पिंपात दाबून भरायचं. चीजसाठी दूध घट्ट करायला वासराच्या पोटातलं रेनेट. साबणासाठी राखेच्या पिंपाखालून ठिबकणारं तपकिरी क्षारपाणी, आणि त्याची ताकद बघायची ती त्यात अंडं टाकून, अंडं तरंगलं आणि नाण्याएवढं डोकं वर राहिलं की बरोबर. वर्षभराची साठलेली चरबी त्यात उकळली की तपकिरी लिबलिबीत साबण होतो, तो पिंपातच ठेवायचा आणि लागेल तसा काढून वापरायचा.

नोव्हेंबर-डिसेंबरात थंडी पक्की बसली की डुकरं कापायची, कारण आता मांस टिकतं. मिठाच्या पाण्यात पिंपं भरली की वर्षभराची बेगमी. हिवाळाभर मळणी, अवजारं दुरुस्ती आणि मुख्य म्हणजे लाकूडतोड. एका घराला वर्षाला तीस-चाळीस कॉर्ड लाकूड लागायचं असं सांगतात, आणि एक कॉर्ड म्हणजे चार फूट रुंद, चार फूट उंच, आठ फूट लांब रास. बर्फावरून बैलांनी ओढून आणणं सोपं म्हणून हे काम हिवाळ्यात.

मुलांना यातून सुट्टी नव्हती. सहा-सात वर्षांच्या पोराने लाकडं आत आणायची, पाखरं हाकलायची, कोंबड्या, लहान भावंडं. दहा-बाराचा झाला की बैलांपुढे. शाळा पण शेताच्या कॅलेंडरने, मोठी मुलं हिवाळ्यात जाणार, धाकटी उन्हाळ्यात. मुलगा २१ वर्षांचा होईपर्यंत त्याच्या मजुरीवर कायद्याने बापाचा हक्क, बाहेर कामाला पाठवलं तरी पैसे बापाला. १८०० च्या सुमाराला एका गोऱ्या बाईला सरासरी सात मुलं व्हायची, आणि शेताचे मजूर म्हणजे तीच मुलं, कारण जमीन स्वस्त असलेल्या देशात दुसऱ्याकडे मजुरी करायला माणूस मिळत नाही.

पण घरचे हात नेहमी पुरतातच असं नाही, लहान मुलं असलेलं घर आणि मुलं मोठी होऊन गेलेलं घर दोन्हीकडे टंचाईच. मार्थाच्या मुली लग्न होऊन गेल्या १७९० च्या दशकात, आणि त्यानंतर तिच्या डायरीचा सूरच बदलतो. मुली होत्या तोवर माग चालू होता, शेजारच्या पोरी येऊन विणायच्या, तिला रात्री-अपरात्री बाळंतपणाला जाता यायचं, केनेबेक गोठलेली असताना बर्फावरून सुद्धा. मुली गेल्या आणि घरकामाला पोरगी ठेवायची वेळ आली, ती टिकेना. म्हणजे तिचा बाहेरचा व्यवसाय घरातल्या मुलींच्या खांद्यावर उभा होता.

आणि इथेच शेजारी येतात. प्रत्येक घराकडे सगळं नसायचंच. एकाकडे बैलजोडी, दुसऱ्याकडे माग, तिसऱ्याकडे सफरचंदाचा घाणा, चौथ्याचा पोरगा मोकळा. त्यामुळे सतत देवाणघेवाण, आणि ती लक्षात नाही ठेवायची, वहीत लिहायची. डाव्या पानावर शेजाऱ्याने आपलं किती देणं, उजव्या पानावर आपण त्याला किती. बैलजोडी एक दिवस, गवत कापणी दोन दिवस, मक्याच्या दोन पायल्या, बूट दुरुस्ती, सूत कातलेलं. प्रत्येकाची किंमत शिलिंग-पेन्समध्ये लिहिलेली, पण शिलिंग प्रत्यक्षात कुणी बघितलेला नाही. हिशेब वर्षानुवर्षं उघडा राहायचा, बहुतेक वेळा बिनव्याजी, आणि कधीतरी दोघं बसून वजाबाकी करायचे, उरलेली रक्कम पुढच्या पानावर. मार्थाची बाळंतपणाची फी साधारण सहा शिलिंग, म्हणजे तेव्हाचा एक डॉलर, आणि तीही पुष्कळदा वस्तूंमध्येच यायची.

मोठी कामं असली की सगळं गाव. बार्नचा लाकडी सांगाडा जमिनीवर जोडून एका दिवसात पन्नास लोकांनी उभा करायचा, मक्याची कणसं सोलायला रात्री जमायचं, गोधड्या शिवायला बायकांनी जमायचं, यजमानाने जेवण आणि सायडर (सफरचंदाचा आंबवलेला रस) द्यायचं. आपल्याकडची इर्जिक ज्यांनी पाहिली-ऐकली आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. न जाणाऱ्याच्या दारात पुढच्या वेळी कुणी येत नाही, एवढा नियम पुरेसा असतो.

शेजाऱ्यांची ही उधारी माणसाळलेली होती, पण दुकानदाराची आणि सरकारची नव्हती. त्यांना हवी रोख नाणी. स्वातंत्र्ययुद्धानंतर मॅसॅच्युसेट्सने युद्धाचं कर्ज फेडायला कर लावले, नाण्यांत भरा म्हणाले, आणि शेतकऱ्याकडे गुरं होती, जमीन होती, नाणी नव्हती. कोर्टात दावे, जमिनींचे लिलाव, कर्जापायी तुरुंग. १७८६ मध्ये पश्चिम मॅसॅच्युसेट्सचे शेतकरी डॅनियल शेजसारख्या माजी सैनिकांच्या मागे उभे राहिले, कोर्टंच बंद पाडली, जानेवारी १७८७ मध्ये स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावर चालून गेले, तिथे तोफा चालल्या, माणसं मेली. पुढे अमेरिकेची राज्यघटना लिहायला जे लोक जमले त्यांच्या मनात हे बंड ताजं होतं. मार्थाच्या नवऱ्यावरही ही वेळ आली, इफ्राइम बॅलार्ड गावचा कर गोळा करायचा, वसुली पूर्ण झाली नाही म्हणून १८०४ मध्ये त्या म्हाताऱ्याला तुरुंगात बसावं लागलं, आणि इकडे सत्तरीला आलेल्या मार्थाची जळणासाठी ओढाताण.

बायकांबद्दल अजून एक, कारण ते वहीत दिसत नाही. लग्न झालं की कायद्याने बाईची मालमत्ता आणि कमाई नवऱ्याची. नवरा गेला तर विधवेला जमिनीच्या एक तृतीयांशाचा वापर, तोही तिच्या हयातीपुरता. काही मृत्युपत्रांत तर बाप मुलाला बजावून जातो की आईला अमुक खोली, चुलीचा कोपरा, इतकं लाकूड आणि एका गाईचा चारा द्यायचा. जिने तीस वर्षं ते घर चालवलं तिचा हक्क असा मोजून लिहिलेला.

आणि ज्याला ते स्वतःची जमीन म्हणत होते ती कुणाची होती? मेनची जमीन तिथल्या मूळ वाबानाकी लोकांची. १७५५ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सरकारने त्यांच्यातल्याच पेनॉब्स्कॉट लोकांच्या कवटीच्या कातडीवर इनाम जाहीर केलं होतं, बायका-मुलांच्या सुद्धा, आणि हे सरकारी कागदावर छापलेलं आहे. मग कुठे पुढच्या तीस वर्षांत तिथे शांत शेतं झाली. दुसरी गोष्ट गुलामीची. १७९० च्या जनगणनेत मॅसॅच्युसेट्समध्ये गुलाम शून्य, देशात मात्र सुमारे सात लाख. पण त्याच मॅसॅच्युसेट्सच्या शेतकऱ्याचं खारवलेलं मांस, घोडे, पिंपाच्या फळ्या जायच्या कुठे, तर कॅरिबियनच्या ऊसमळ्यांवर, जिथे सगळी जमीन उसाखाली आणि राबणारे सगळे गुलाम. बदल्यात यायची काकवी आणि रम. शेतकऱ्याच्या घरात रोजच्या मक्याच्या खिरीवर जी काकवी ओतली जायची ती तिकडून आलेली. स्वयंपूर्ण शेताच्या जेवणातली सगळ्यात गोड गोष्ट गुलामांनी केलेली होती, हे वाचल्यापासून मला ते जुनं चित्र तसंच्या तसं बघता येत नाही.

हे सगळं मोडलं कसं ते पटकन सांगतो. आधी १८१६. आदल्या वर्षी एप्रिलमध्ये इंडोनेशियातला तंबोरा ज्वालामुखी फुटला, त्याची धूळ वरच्या हवेत जगभर पसरली आणि न्यू इंग्लंडमध्ये जूनमध्ये बर्फ पडला, जुलै-ऑगस्टमध्ये दहिवर. मका गेला. गवत कमी म्हणून गुरं विकावी लागली, म्हणजे पुढच्या वर्षीचं खतही गेलं, ती साखळी आठवा. हजारो कुटुंबं ओहायोकडे निघून गेली, तिथली माती खोल आणि बिनदगडाची. मग १८२५ ला ईरी कालवा पूर्ण झाला आणि पश्चिमेचा स्वस्त गहू थेट पूर्वेला यायला लागला. आणि १८२० च्या दशकात मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेल गावी कापडगिरण्या उघडल्या, तिथे कामाला गेल्या त्या याच शेतांवरच्या मुली. घरी वर्षभर खपून जे कापड व्हायचं ते आता गजावर दुकानात मिळत होतं, त्यातला कापूस दक्षिणेतल्या गुलामांनी वेचलेला, आणि मुलीच्या हातात मात्र पहिल्यांदा तिच्या स्वतःच्या नावाचा रोख पगार. दिवसाला बारा-तेरा तास काम होतं, बोर्डिंगचे कडक नियम होते, तरी मुली जात राहिल्या. घरच्या चरख्यावर तेवढेच तास घालवून कुणी त्यांच्या हातावर एक नाणं ठेवलं नव्हतं.

ज्यांना हे प्रत्यक्ष बघायचंय आणि बॉस्टनच्या आसपास कुणी नातेवाईक आहेत (मराठी मंडळी तिकडे भरपूर आहेत) त्यांनी मॅसॅच्युसेट्समधलं ओल्ड स्टर्ब्रिज व्हिलेज नक्की बघा, १८३० च्या दशकातलं गाव आणि चालतं शेत तिथे उभं केलंय, बैल खरे, चुली खऱ्या. मुलं बरोबर असतील तर मार्चमध्ये जा, मेपलचा रस आटवताना बघायला मिळतो. आणि मार्था बॅलार्डची डायरी इंटरनेटवर फुकट वाचता येते, तिचं अक्षर लावायला सुरुवातीला त्रास होतो पण टाइप केलेली प्रत पण आहे, कुठलंही एक वर्ष घ्या आणि सलग वाचा.